काळीवरचे अंगण

खानदेशातल्या कोणत्याही जुन्या गावात जमिनीचे दोन भाग मानले जातात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शिवार, पांढरी म्हणजे गावठाण. पिकायचे काळीत आणि राहायचे पांढरीवर. ही जोडी खानदेशापुरती नाही, महाराष्ट्रभर आहे. जुन्या मराठी कागदपत्रांत ‘पांढरी’ हा शब्द गावठाणाबरोबरच तिथे राहणाऱ्या गावकऱ्यांसाठीही येतो. आपण हे दोन्ही शब्द रंगाचे समजतो. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतली गावे आणि शहरांच्या नव्या वसाहती हिंडताना मला ते निचऱ्याचे शब्द वाटू लागले. एका मातीत पाणी थांबते, दुसरीवरून ते उतरते. माणसाने कुठे पेरावे आणि कुठे झोपावे, हे या एका फरकावरून ठरले.

आज हा विषय काढण्याचे कारण साधे आहे. गेल्या चार-पाच दशकांत जळगाव, धुळे, भुसावळ, चाळीसगाव, अमळनेर ही शहरे पांढरी ओलांडून काळीवर पसरली. कालपर्यंत कापूस आणि दादर पिकणारी शेते बिनशेती झाली, त्यांवर आखणीचे दगड रोवले गेले, प्लॉट पडले, बंगले उठले. घरे भक्कम झाली. पण घरापुढच्या अंगणाखाली माती शेताचीच राहिली. पावसाळ्यात या अंगणांत पाणी साचते, गारा होतो, डास होतात. त्यावर लोकांनी आधी शहाबादी फरशी घातली, मग सिमेंटचा कोबा केला, मग पेव्हर ब्लॉक बसवले, आणि आता प्लॅस्टिकची हिरवळ अंथरली जाते आहे. अंगणातल्या पाण्यावर खानदेशाने आजवर काय काय केले, आणि हा नवा उपाय त्या परंपरेत कुठे बसतो, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

काळीचा स्वभाव

खानदेशची काळी माती दख्खनच्या बेसाल्टची लेक. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचा हा खडक झिजला, कुजला आणि त्यातून अतिशय बारीक कणांची चिकणमाती तयार झाली. तिच्यातल्या माँटमोरिलोनाइट जातीच्या खनिजाची रचना पापुद्र्यांची असते. पत्त्यांच्या कॅटात जशी पाने एकमेकांवर असतात तसे हे पापुद्रे एकमेकांवर असतात, आणि पाणी त्यांच्यामध्ये शिरते. पाणी शिरले की माती फुगते, आणि वाळली की आकसते. चैत्र-वैशाखात शेताला ज्या भेगा पडतात, त्यांत काठी सहज खोलवर जाते.

मृगाचा पहिला पाऊस या भेगांतून सरळ खाली उतरतो. तेव्हा पाहणाऱ्याला वाटते की जमीन पाणी पीत आहे, निचऱ्याची चिंता नको. पण तीन-चार पावसांनंतर माती फुगते, भेगा मिटतात आणि वरून खाली जाणारी वाट बंद होते. त्यानंतर पडणारे पाणी खाली जात नाही. उतार असेल तर वाहते, नसेल तर उभे राहते. म्हणून जूनमध्ये कोरडे वाटणारे अंगण श्रावणात डबके होते.

शेतकऱ्याच्या दृष्टीने हा दोष नाही. याच धरून ठेवण्यामुळे पाऊस संपल्यानंतर, निव्वळ मुरलेल्या ओलीवर, खानदेशात रब्बीची दादर ज्वारी येते. याच गुणामुळे इंग्रजांनी तिला कापसाची काळी माती असे नाव दिले. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा त्यांचे डोळे ज्या प्रदेशांकडे वळले त्यांत खानदेश होता. जळगावची पेठ कापसावर आणि आगगाडीवर मोठी झाली. ज्या मातीने जळगावला पैसा दिला, त्याच मातीवर पुढे जळगावची घरे बांधली गेली. आणि कपाशीच्या मुळाला जे हवे तेच घराच्या जोत्याला नको असते.

इथे जळगाव आणि धुळे यांतला एक फरक ध्यानात ठेवावा लागतो. धुळे, साक्री, शिंदखेडा या बाजूला बेसाल्ट जवळ आहे. काळीचा थर पुष्कळ ठिकाणी पातळ आणि त्याखाली मुरूम हाती लागतो. जमिनीतून भिंतीसारख्या वर आलेल्या काळ्या दगडाच्या रांगा, म्हणजे भूवैज्ञानिकांचे डाइक, हे तर धुळे-नंदुरबार भागाचे खास लक्षण. उलट तापीच्या काठाने चोपडा, यावल, रावेर, भुसावळ या पट्ट्यात नदीने आणलेल्या गाळाचा थर शेकडो फूट खोल आहे. तिथे मुरूम पायाखाली नसतो, तो दुरून आणावा लागतो. अंगणाचा खर्च या भूगोलावर अवलंबून असतो, हे कोणत्याही गाडीवाल्याला विचारले तरी तो सांगेल.

पांढरीची रीत

पांढरी पांढरी का दिसते? चुलीची राख, शेण, चुना, पडलेल्या भिंतींची माती, हाडे, खापऱ्या यांचे थर शतकानुशतके एकावर एक बसत जातात आणि त्यांतून भुरकट-पांढरी, भुसभुशीत माती तयार होते. पुरातत्त्वज्ञ जुनी वस्ती शोधताना आधी अशी टेकाडे शोधतात. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरच्या प्रकाशे येथे बा. कृ. थापर यांनी १९५४-५५ मध्ये उत्खनन केले. गिरणाकाठच्या बहाळला म. न. देशपांडे यांनी त्याआधी दोन वर्षे काम सुरू केले होते. दोन्ही ठिकाणी ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर मिळाले. म्हणजे तीन हजारांहून अधिक वर्षे माणसे त्याच त्या उंचवट्यावर घर मोडून घर बांधत आली. त्या हट्टाचे एक कारण पाण्याची सोय आणि पुरापासूनचा बचाव हे असणारच. दुसरे कारण मला असे दिसते की एकदा पांढरी झाली की तिथे राहणे सुकर होते : जागा दर पिढीला वीतभर उंच होते, पावसाचे पाणी चहूबाजूंनी उतरते आणि पायाखालची माती फुगत-आकसत नाही. सगळे गावठाण मिळून एक मोठे, उताराचे अंगणच असते.

खानदेशचे जुने घर धाब्याचे. सोलापूर-मराठवाड्यात ज्याला माळवद म्हणतात तेच इथले धाबे : लाकडी सऱ्यांवर आडव्या फळ्या-काटक्या, त्यांवर पाला आणि चिखल, आणि सगळ्यांत वर पांढरी किंवा खारी माती. दर पावसाळ्याआधी धाब्यावर या मातीचा नवा थर देत. खाऱ्या मातीतले क्षार तिचे कण सुटे करतात, आणि ते सुटे कण पाण्याबरोबर बारीक छिद्रांत जाऊन बसतात. त्यामुळे छप्पर बंद होते. काळी माती धाब्यावर टाकली तर उन्हाळ्यात तिला भेगा पडणार आणि पहिल्याच पावसात घर गळणार, हे घरातली म्हातारी माणसे पोरांना सांगत.

अंगणाची गोष्ट निराळी होती. छपराला पाणी अडवायचे असते, अंगणाला ते घालवायचे असते. म्हणून अंगणासाठी खारी चालत नसे, मुरूम लागे. मुरूम म्हणजे अर्धवट कुजलेला बेसाल्ट : त्यात खडे असतात, बारीक भुगाही असतो, आणि थोडा चिकटपणा असतो. तो पसरायचा, पाणी मारायचे, धुम्मसाने ठोकायचे, पुन्हा पसरायचे. घराच्या जोत्यापासून गल्लीकडे उतार द्यायचा. धाब्याच्या पन्हळीचे पाणी जिथे पडते तिथे दगड बसवायचा, म्हणजे खड्डा पडत नाही. आणि त्या दगडापासून भिंतीच्या कडेने चर काढून पाणी बाहेर न्यायचे. वर शेणाचा सडा आणि सारवण. शेणातले तंतू वरचा पातळ थर धरून ठेवतात. तो थर पावसाने धुपला तर पुन्हा द्यायचा, कारण अंगणाची मजबुती त्या थरात नसतेच. ती खालच्या मुरमात आणि उतारात असते.

या संदर्भात खळ्याशी तुलना उपयोगी पडते. खळेही ठोकून, सारवून केलेली जमीनच. पण ते पावसाळा संपल्यावर करायचे आणि मळणी झाली की सोडून द्यायचे. म्हणून खळे बिनदिक्कत काळीवर होई. त्याला मुरूम लागत नसे की उतार लागत नसे. एकाच शेतकऱ्याच्या हातून होणाऱ्या या दोन कामांतला फरक सांगतो की त्याला नुसते सारवणे येत नव्हते, सारवणाची मर्यादाही ठाऊक होती.

हीच समज मोठ्या प्रमाणावर पाहायची असेल तर पांझरेकाठी जावे. धुळे जिल्ह्याची फड पद्धत सिंचनाचे उत्तम उदाहरण म्हणून सांगितली जाते : नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या, शेतांचे फड, फडांत पिकांची फिरती पाळी, आणि पाणी वाटणारे पाटकरी व हवालदार. लोक बंधाऱ्याचे आणि पाटाचे कौतुक करतात. माझे लक्ष वेधून घेतले ते सांडमाने. फडाला देऊन उरलेले किंवा पावसात जास्त झालेले पाणी बाहेर काढून पुन्हा ओढ्या-नदीत सोडण्याची जी वाट, ती सांडम. पाणी आणण्याचा आराखडा करतानाच ते घालवण्याचा आराखडा केलेला असे. काळ्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या पाणी देऊनही ती खराब होऊ द्यायची नसेल तर दुसरा मार्ग नसतो. पुढे विसाव्या शतकात नीरा-प्रवरेच्या कालव्यांखाली काळ्या जमिनी पाणथळ आणि खारपड झाल्या, तेव्हा सरकारला निचऱ्याचे वेगळे संशोधन हाती घ्यावे लागले.

पाट आणि नदी यांच्यामधले धुळे

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खानदेश इंग्रजांकडे गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याच्याकडे प्रदेशाची व्यवस्था आली आणि १८१९ मध्ये त्याने धुळे हे मुख्य ठाणे म्हणून निवडले. त्या वेळी धुळ्यात ४०१ घरे आणि २,५०९ माणसे होती. गाव बागायतीने वेढलेले, एका बाजूला पाटाचे पाणी आणि दुसऱ्या बाजूला पांझरा नदी अशा चिमट्यात सापडलेले आहे, असे त्याने नोंदवले. व्यापाऱ्यांना आणण्यासाठी घरांच्या जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या गेल्या, बांधकामाला आगाऊ रकमाही दिल्या गेल्या. आजच्या भाषेत ही सरकारी प्लॉट योजनाच म्हणायची. पक्की घरे व्हावीत म्हणून पैसा दिला. पाटाचा झिरपा आणि नदीचा पूर यांच्यामधली जागा मात्र तीच राहिली. १८७२ च्या मोठ्या पुराने शहराचे अतोनात नुकसान केले.

तरीही जुन्या धुळ्याची आणि आग्रा रोडला लागून असलेल्या क्रमांकाच्या गल्ल्यांची घरे पाहिली तर एक गोष्ट दिसते : ओटा. गल्लीपासून दोन-तीन पायऱ्या वर घर, आणि ओट्याच्या पायथ्याशी दगडी गटार. अंगणाला जागा नव्हती म्हणून ते अंगण ओट्याच्या रूपाने वर उचलले गेले. पांढरीचे टेकाड शतकांत उंच होते. शहराला तेवढी सवड नसते, म्हणून शहर दगड रचून उंची विकत घेते.

इंग्रजी अंमलातल्या अभियंत्यांनी रस्ते आणि लोहमार्ग बांधताना इथल्या मुरमाची किंमत ओळखली. हा मराठी शब्द त्यांच्या इंग्रजीत गेला आणि आजही भारतीय मानकांच्या इंग्रजी मजकुरात तो ‘मूरम’ असा वापरला जातो. तंत्र आपले होते की त्यांचे, हा वाद इथे घालायचा नाही. काळीशी ज्याने ज्याने व्यवहार केला, तो फिरून मुरमाकडे आला.

प्रयोगशाळेत मुरूम

स्वातंत्र्यानंतर काळ्या मातीवर पक्की बांधकामे वाढली आणि तडे हा राष्ट्रीय प्रश्न झाला. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेत दिनेश मोहन यांनी तळाशी फुगीर असलेल्या खांबांचा पाया विकसित केला. वरची माती फुगो की आकसो, घर खालच्या स्थिर थराला धरून राहते. हा उपाय घराचा झाला. अंगणाला खांब रोवता येत नाहीत. अंगण, रस्ता, कालव्याचे अस्तर ही हलकी, पसरट बांधकामे मातीवर नुसती टेकलेली असतात, आणि फुगणारी माती ती सहज उचलते.

या प्रश्नावर मुंबईच्या आय.आय.टी.त प्रा. आर. के. कट्टी यांनी अनेक वर्षे काम केले. त्यांचा निष्कर्ष असा की काळ्या मातीवर, स्वतः न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा पुरेसा जाड थर ठोकून बसवला, तर खालच्या मातीचे फुगणे आटोक्यात येते. निव्वळ वाळूचा थर दिला तर तो परिणाम मिळत नाही, कारण वाळूला चिकटपणा नाही. काळ्या मातीतून जाणाऱ्या कालव्यांच्या अस्तराखाली असा थर देण्याची पद्धत पुढे भारतीय मानकांतही आली. या थराचे तांत्रिक नाव लांबलचक आहे. न फुगणारी, थोडा चिकटपणा असलेली, ठोकून बसणारी माती : हे वर्णन चांगल्या मुरमाला तंतोतंत लागू पडते. आजीच्या अंगणाला सिद्धान्त मिळाला तो असा. अर्थात कालव्याखालचा थर मीटरभर जाडीचा असतो आणि अंगणाचा वीतभर; तेव्हा अंगणात थोडीफार हालचाल राहणारच. पण ती सोसण्याची तयारी मुरमाच्या अंगणात असते, सिमेंटच्या कोब्यात नसते. कोबा तडकतो. मुरमावर पुन्हा पाणी मारून धुम्मस फिरवता येतो.

पाणी बाजूला काढण्यासाठी खडीने भरलेल्या चराचे तंत्रही याच सुमारास आपल्याकडे बांधकामात रुळले. अभियंते त्याला फ्रेंच ड्रेन म्हणतात आणि बहुतेकांना तो फ्रान्सचा वाटतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या काँकर्ड गावचे हेन्री फ्लॅग फ्रेंच यांनी १८५९ मध्ये शेतीच्या निचऱ्यावर पुस्तक लिहिले; त्यांच्या आडनावावरून ते नाव पडले. चराच्या तळाशी छिद्रांची नळी, भोवती खडी, आणि नळीला एकसारखा उतार. नळीऐवजी दगड असतील तर तो आपल्याकडचा जुना चरच.

प्लॅस्टिकची हिरवळ

कृत्रिम हिरवळीचा जन्म निचऱ्यासाठी झाला नव्हता. अमेरिकन शहरांतल्या मुलांना खेळायला मऊ जमीन मिळावी या विचारातून ती आली आणि १९६४ मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सच्या मोझेस ब्राउन शाळेत प्रथम अंथरली गेली. १९६६ मध्ये ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोम या छप्पर असलेल्या मैदानावर ती गेली, कारण छपराच्या काचा खेळाडूंच्या डोळ्यांवर येणाऱ्या तिरिपीमुळे रंगवाव्या लागल्या आणि उजेडावाचून खरे गवत मेले. त्या मैदानावरून तिला ॲस्ट्रोटर्फ हे नाव मिळाले. भारतीयांना हा शब्द कडू आठवणीने माहीत झाला : १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि भारत सातवा आला.

खानदेशच्या शहरांत अलीकडे ‘टर्फ’ म्हणजे तासावर भाड्याने मिळणारे, जाळीने वेढलेले, रात्री दिव्यांत चमकणारे क्रिकेटचे मैदान. तिथून ती हिरवळ बंगल्यांच्या अंगणांत आली. जळगावला तर या वस्तूचे नवल वाटण्याचे कारण नाही. प्लॅस्टिकचे पाइप आणि प्लॅस्टिकच्या चटया हा या शहराचा मोठा उद्योग. कृत्रिम हिरवळ म्हणजे केसाळ चटईच.

भाड्याचे मैदान नीट केलेले असेल तर पावसानंतर लवकर खेळता येते. ते कसे करतात हे मी एका कामावर उभे राहून पाहिले. आधी फूट-सव्वा फूट काळी माती उचलली. उरलेल्या मातीला एका बाजूला उतार दिला. शंभर फुटांना एक फूट हा त्यांचा हिशेब. मग छिद्रांच्या नळ्यांसाठी चर. त्यावर जिओटेक्स्टाईलचे कापड, कारण ते नसेल तर ओली काळी हळूहळू खडीत वर चढते आणि दोन पावसाळ्यांत खडीचा गारा होतो. कापडावर मुरूम आणि मोठी खडी, त्यावर बारीक खडी, त्यावर क्रशरची कच, प्रत्येक थर रोलरने दाबलेला. सगळ्यांत शेवटी, एका दिवसात, हिरवळ अंथरून तिच्या पात्यांत वाळू भरली. खालच्या पट्टीला ठरावीक अंतरावर भोके असतात. त्यांतून पाणी खाली जाते. पंधरा दिवसांच्या कामातला तो एकच दिवस हिरवा होता. बाकीचे चौदा दिवस जे चालले होते त्याला गावाकडे अंगण करणे म्हटले असते.

घरांत नेमके हे चौदा दिवस वगळले जातात. जळगावच्या एका नव्या वसाहतीत, माझ्या नात्यातल्या घरी, वीस बाय पंधरा फुटांच्या अंगणात ठोकलेल्या काळीवर थेट हिरवळ अंथरण्यात आली होती. उन्हाळ्यात फोटो सुंदर आले. जुलैत हिरवळीखाली पाणी भरले, चालताना पचपच आवाज येऊ लागला, श्रावणात वास सुटला आणि कडेने शेवाळ आले. भोके हिरवळीला होती. पण त्यांच्याखाली पाणी घेणारे कोणी नव्हते. वरून डबके दिसत नव्हते, एवढाच काय तो फरक पडला. पुढच्या वैशाखात सगळे उचलून मुरूम-खडीचे थर दिले, कडेला नळी टाकली, आणि तीच हिरवळ पुन्हा अंथरली. आता तासाभरात अंगण कोरडे होते. मात्र त्या नळीचे तोंड कंपाउंडच्या कोपऱ्यात उघडते, आणि शेजारचा प्लॉट अर्धा फूट खाली आहे.

पाणी गेले कुठे?

अंगणाचा प्रश्न इथे घराबाहेर पडतो. त्या वीस बाय पंधराच्या अंगणावर पन्नास मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे १,४०० लिटर पाणी होते. जळगावच्या सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपासच्या पावसाने वर्षाला साडेएकोणीस हजार लिटर. एका अंगणाचे एवढे. वसाहतीत अशी दोनशे घरे असतात.

१८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात, जो १८९१ मध्ये मुंबई इलाख्याला लागू झाला, याबद्दल एक नियम आहे : वरच्या जमिनीवर पडणारे आणि ठरलेल्या प्रवाहातून न वाहणारे पाणी खालच्या जमिनीच्या मालकाने नैसर्गिकपणे येऊ द्यावे, हा वरच्या मालकाचा हक्क. यातला ‘नैसर्गिकपणे’ हा शब्द महत्त्वाचा. भराव घालून प्लॉट उंच करणे आणि नळीने पाणी एका तोंडाशी आणणे हे त्या शब्दात बसवणे कठीण आहे. पांढरीवर हा तंटा फारसा होत नसे, कारण सगळ्यांचा उतार गल्लीकडे आणि गल्लीचा ओढ्याकडे असे. प्लॉटच्या नकाशात रस्ते आखले जातात, गटारे कागदावर येतात. शेताचा जुना बांध आणि बांधाकडेचा ओघळ मात्र सपाट होतो. त्या ओघळाचे काम पुढे प्रत्येक घर आपापल्या कंपाउंडमध्ये करू पाहते.

दुसरा प्रश्न जमिनीखालचा. यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात भूजलाचा उपसा इतका झाला आहे की ते क्षेत्र अतिशोषित गणले गेले आहे. अशा जिल्ह्यात अंगणातले पाणी गटारात घालवणे परवडणारे नाही. पण काळीत नुसता शोषखड्डा खणून उपयोग होत नाही. तो दोन पावसांत भरतो आणि भरलेलाच राहतो. काळी ओलांडून, तिच्याखालची पिवळसर माती ओलांडून खड्डा मुरमाला लागला तरच पाणी उतरते. धुळ्याकडे हे पुष्कळदा जमते. तापीकाठच्या गाळात खड्ड्याऐवजी कोरडी विहीर किंवा बोअर शोधावी लागते, आणि पाणी आधी रेती-खडीतून गाळून घ्यावे लागते. हिरवळ घालण्याआधी एक साधी चाचणी करता येते. फूटभर खोल खड्डा करून तो पाण्याने भरावा, ते जिरू द्यावे, पुन्हा भरावा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी दुसऱ्या दिवशीही उभे असेल तर वर काहीही अंथरून निचरा होणार नाही. पाण्याला बाजूने वाट द्यावी लागेल.

तिसरा प्रश्न उन्हाचा. जळगाव-भुसावळचा मे महिना पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. अमेरिकेत युटाच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या मैदानावर २००२ मध्ये घेतलेल्या मोजमापांत उन्हातली कृत्रिम हिरवळ खऱ्या गवतापेक्षाच काय, डांबरापेक्षाही अधिक तापलेली आढळली. शेणसड्याच्या अंगणात पाणी शिंपडले की संध्याकाळी बाज टाकता येत असे, कारण माती ओल धरून हळूहळू सोडते आणि गार होते. प्लॅस्टिक ओल धरत नाही. शिंपडलेले पाणी उडाले की ते पुन्हा तापते.

खऱ्या गवताचा विचार लोक करत नाहीत याचेही मला कुतूहल वाटते. काळीत हरळी इतकी माजते की शेतकरी ती खणून खणून थकतो. तिची मुळे मातीत बारीक वाटा करतात, पाणी ओढतात आणि पाने ते हवेत सोडतात. फुकट मिळणारा हा निचरा आहे, आणि गणपतीच्या एकवीस दूर्वा अंगणातच मिळतात. अडचण एवढीच की उन्हाळ्यात ती पिवळी पडते. आपल्याला बारमाही हिरवे अंगण हवे झाले आहे. खानदेशच्या अंगणाचा रंग कधीच हिरवा नव्हता. तो शेणाचा होता, मुरमाचा तांबूस होता, आणि हिरवेपण दारातल्या निंबाचे होते. हिरवळ त्या निंबाच्या बुंध्यापर्यंत घट्ट नेऊन भिडवली, तर मुळांना हवा मिळत नाही. बुंध्याभोवती दोन-तीन हात माती उघडी ठेवणे एवढे तरी करता येते.

कृत्रिम हिरवळ टाकूच नये, असा या लेखाचा सांगावा नाही. जिथे खालचे थर, उतार आणि पाण्याची शेवटची जागा ठरलेली आहे तिथे ती टिकते, मुले खेळतात, चपला स्वच्छ राहतात. परंतु इतिहास पाहता एक गोष्ट ठाम दिसते. शेणसारवण, फरशी, कोबा, पेव्हर, टर्फ ही सगळी वरची पांघरुणे आहेत. त्यांपैकी एकानेही काळीचा निचरा कधी केला नाही. तो दर वेळी मुरमाने, उताराने आणि चराने केला. पांघरुणे बदलताना आपण हे तिन्ही विसरलो, कारण पांढरीवर ते आयते मिळत होते. वाडवडिलांनी कधीच भरून, ठोकून, उंचावून ठेवलेल्या जागेवर आपण राहत होतो, आणि ती सोय आपल्याला जमिनीचा गुण वाटत होती.

काळीवर राहायला आलेली ही पहिली-दुसरीच पिढी आहे. तिला आपली पांढरी नव्याने तयार करावी लागणार आहे, आणि ती एकट्याच्या कंपाउंडमध्ये तयार होत नाही. शेत बिनशेती होताना बांधाकडेचा ओघळ नकाशावर राखून ठेवणे, रस्त्याची पातळी प्लॉटच्या खाली धरणे, दोनशे घरांच्या पाण्याला मिळून एक सांडम देणे ही कामे आखणीच्या वेळीच होतात. भिंती उठल्यावर होत नाहीत. पांझरेकाठच्या शेतकऱ्यांनी पाट काढतानाच सांडम काढला होता. नव्या वसाहतीचा नकाशा हातात आला की त्यावर खोल्या आणि पार्किंग शोधण्याआधी एकदा बोट ठेवून विचारावे, इथले पाणी कुठून बाहेर जाणार आहे. त्याचे उत्तर नकाशावर नसेल, तर ते पुढच्या श्रावणात आपल्याच अंगणात सापडेल.